‘विषाणू सापडत नाही’ म्हणजे मेंदू ठीक, असं कुणी सांगितलं?



आजचा लेख थोडा रागावून लिहितो आहे. राग आधी स्वतःवर आहे, मग माझ्या व्यवसायबंधूंवर आणि शेवटी भीतीचा बाजार मांडून बसलेल्यांवर.

माझ्याकडे एक गृहस्थ बरीच वर्षं येतात. वय पंचावन्नच्या आसपास, किराणा दुकान आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एचआयव्हीची लागण जुनी. त्याची औषधं, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रातून चालू आणि माझ्याकडे बीपी-शुगरसाठी फेऱ्या. दरवेळी ते प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढत, मी शेवटचा व्हायरल लोड बघत असे आणि म्हणत असे, “उत्तम! विषाणू सापडतच नाही. काळजी सोडा.” ते हसत, नमस्कार करत आणि जात.

एकदा त्यांच्या पत्नी सोबत आल्या. यजमान वजन करायला बाहेर गेले तसं त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, यांचं हल्ली काहीतरी बिनसलंय. उधारीच्या वहीत एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर लिहितात. गिऱ्हाईक चार वस्तू सांगतं, हे दोन देतात आणि उभे राहतात. आधी तोंडी हिशेब करायचे हो. आता कॅल्क्युलेटरवर पण वेळ लागतो. पोरगा म्हणतो, बाबांना आता गल्ल्यावर बसवू नका.”

मी विचारलं, “हे कधीपासून?”

“दोनेक वर्षं झाली असतील.”

त्या दोन वर्षांत ते गृहस्थ माझ्यासमोर निदान सात-आठ वेळा बसले होते. मी बीपी घेतलं, पाय तपासले, शुगर बघितली, व्हायरल लोड बघून शाबासकी दिली. “डोकं कसं चाललंय?” हा प्रश्न मात्र एकदाही विचारला नाही.

म्हणून आजचं माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. रक्तात विषाणू सापडत नाही, ही फार चांगली बातमी आहे. पण ती रक्ताची बातमी आहे, मेंदूची नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तपासणीत मेंदूची विचारपूस असलीच पाहिजे. ती आपण करत नाही आणि न करण्याची जी कारणं देतो ती टिकणारी नाहीत.

हा विषाणू मेंदूत करतो काय?

एचआयव्ही म्हटलं की लोकांना प्रतिकारशक्ती आठवते, सीडी४ पेशी आठवतात. मेंदू आठवत नाही. खरं तर लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. वाटेल ते मेंदूत शिरू शकत नाही. पण रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना आत जाण्याची मुभा असते आणि विषाणू त्यांच्या पोटात लपून आत जातो.

आत गेल्यावर तो काय करतो, याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपण ज्यांच्या बळावर विचार करतो त्या चेतापेशींना तो सहसा थेट लागण करत नाही. तो बस्तान बसवतो मेंदूच्या राखणदार पेशींमध्ये. यांना मायक्रोग्लिया म्हणतात. सोबत रक्तवाहिन्यांच्या कडेला राहणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही असतात. या पेशींचं काम मेंदूची साफसफाई आणि संरक्षण. त्यांनाच लागण झाली की त्या सतत चिडलेल्या राहतात, दाह निर्माण करणारी रसायनं सोडत राहतात. विषाणूची काही प्रथिनंही चेतापेशींना बाधतात. म्हणजे मार बसतो शेजाऱ्यावर, पण पडझड होते चेतापेशींच्या घरात.

१९८६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांमधल्या स्मृतिभ्रंशाचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा प्रभावी औषधं नव्हती. एड्सच्या अवस्थेला पोहोचलेल्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांना हा स्मृतिभ्रंश होत असे. माणूस मंद होई, चाल अडखळे, बोलणं कमी होई आणि बऱ्याचदा काही महिन्यांत सगळं संपे. १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि हे चित्र पालटलं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. या औषधांनी लाखो माणसं जगवली आहेत. त्यांच्याविरुद्ध एक शब्दही मी इथे लिहिणार नाही.

पण जगलेल्या माणसांचं पुढे काय झालं? अमेरिकेत १५५५ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे उपचार चालू होते. त्यात उघड स्मृतिभ्रंश जेमतेम २ टक्के लोकांत होता. पण साधारण १२ टक्के लोकांत सौम्य बिघाड होता, जो रोजच्या कामात जाणवत होता. आणखी ३३ टक्के लोक चाचणीत कमी पडले, पण त्यांना स्वतःला काही त्रास नव्हता. हा ३३ टक्क्यांचा आकडा जरा जपून घ्या, त्याबद्दल पुढे बोलतो. पण मधले १२ टक्के विसरू नका. माझे दुकानदार त्याच गटातले.

“आपल्याकडचा विषाणू वेगळा आहे, तो मेंदूला फारसा त्रास देत नाही,” असंही एक मत होतं. भारतात बहुतेक लागण एचआयव्हीच्या ‘सी’ उपप्रकाराची आहे. या उपप्रकाराच्या एका प्रथिनात छोटासा फरक आहे, त्यामुळे तो मेंदूला कमी बाधत असावा, असा तर्क होता. तर्क म्हणून ठीक. पण प्रत्यक्ष रुग्णांच्या चाचण्या बंगळुरू, चेन्नई आणि आपल्या पुण्यात झाल्या तेव्हा इथल्या रुग्णांतही बौद्धिक बिघाड सापडला. तेव्हा ती सबब मागे पडली.

जनुकांनी काय सांगितलं?

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ‘जनुक’ शब्द आला म्हणून पान उलटू नका.

तुमच्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो. मग डोळ्याची पेशी डोळ्याची आणि यकृताची पेशी यकृताची का होते? कारण प्रत्येक पेशीत वेगवेगळी जनुकं चालू असतात. समजा, घरातल्या सगळ्या खोल्यांत अगदी सारखाच स्विचबोर्ड बसवलाय, पण स्वयंपाकघरात एक बटण चालू आहे आणि देवघरात दुसरंच. जनुक चालू झालं की त्याची आरएनए नावाची प्रत निघते. या प्रती मोजल्या की कोणती बटणं चालू, कोणती बंद हे कळतं. यालाच जनुकांची सक्रियता म्हणतात. जन्मतः मिळालेली जनुकं ही एक गोष्ट आणि त्यातली आज कोणती काम करताहेत ही वेगळी गोष्ट. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जिवंत माणसाच्या मेंदूचे तुकडे काढून अशी मोजणी करता येत नाही. म्हणून अमेरिकेत एचआयव्हीग्रस्तांच्या मेंदूंची एक राष्ट्रीय पेढी आहे. लोक हयातीतच देहदानासारखी संमती देतात, जिवंतपणी त्यांच्या स्मरणाच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या होतात आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी होते. या पेढीतल्या २४ जणांच्या मेंदूंमधील जनुकांच्या सक्रियतेचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार गट होते: लागण नसलेले, लागण असूनही बुद्धी शाबूत असलेले, बुद्धीत बिघाड पण मेंदूला सूज नसलेले आणि बिघाडासोबत विषाणूमुळे मेंदूला सूज आलेले.

शेवटच्या गटात अपेक्षित तेच दिसलं. मेंदूत विषाणू भरपूर, संरक्षणाची आणि दाहाची जनुकं जोरात चालू आणि चेतापेशींच्या कामाशी निगडित जनुकं मंदावलेली. म्हणजे सायरन वाजतोय आणि घरातली कामं ठप्प आहेत.

विचार करायला लावणारा गट तिसरा. या लोकांची बुद्धी जिवंतपणी चाचणीत कमी भरली होती. पण मेंदूत विषाणू फार थोडा आणि सायरन जवळजवळ शांत. दाहाच्या जनुकांत म्हणावी तशी वाढ नाही. बदल होते ते वेगळ्याच ठिकाणी, विशेषतः मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित जनुकांत. संशोधकांनी निष्कर्ष काढला की एचआयव्हीमधला बौद्धिक बिघाड हा एकच आजार नाही, त्याचे किमान दोन प्रकार आहेत.

याच सुमारास दुसऱ्या एका गटाने औषधं घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तुलना केली. औषधं घेणाऱ्यांच्या मेंदूतल्या जनुकांचं चित्र निरोगी माणसाच्या पुष्कळ जवळ आलेलं होतं. पुष्कळ जवळ, पण पूर्ण सारखं नाही. काही जनुकं औषधं चालू असूनही बिघडलेलीच होती.

या दोन अभ्यासांतून मी साध्या डॉक्टरच्या नात्याने दोन गोष्टी घेतो. पहिली: औषधं मेंदूलाही वाचवतात, म्हणून एकही गोळी चुकवू नका. दुसरी: विषाणू दबला तरी मेंदूत काहीतरी बिघडलेलं राहू शकतं आणि व्हायरल लोडच्या कागदावर ते दिसणार नाही. ज्या तपासणीत एखादी गोष्ट दिसूच शकत नाही, त्या तपासणीच्या जोरावर “सगळं उत्तम” म्हणणं ही डॉक्टरची चूक आहे. मी ती केली.

आणि जनुकांनी काय सांगितलेलं नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. नाहीतर मीही भीती विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेन.

हे अभ्यास मृत्यूनंतरच्या मेंदूंवर झाले. माणसं थोडी होती. मेंदूच्या ज्या तुकड्यात मोजणी झाली त्यात चेतापेशी, राखणदार पेशी, रक्तवाहिन्या सगळ्यांची खिचडी होती. त्यामुळे चेतापेशींची जनुकं ‘मंदावली’ असं दिसतं तेव्हा ती खरोखर मंदावली, की चेतापेशीच कमी उरल्या म्हणून एकूण प्रती कमी भरल्या, हे नेहमी ठामपणे सांगता येत नाही. शिवाय जनुकांतला बदल आजाराचं कारण आहे की परिणाम, हेही अशा एका अभ्यासातून कळत नाही.

तरीही बाजारात काय चाललंय बघा. मला रुग्ण मोबाइलवर जाहिराती दाखवतात. “थुंकीचा नमुना द्या, तुमच्या मेंदूची जनुकं तपासा, स्मृतिभ्रंश आधीच ओळखा.” मघाशी फरक लक्षात ठेवायला सांगितला होता तो इथे कामी येतो. थुंकीतून कळतात जन्मतः मिळालेली जनुकं. मेंदूत आज कोणती बटणं चालू आहेत ते थुंकीतून कळत नाही. अपोई-४ नावाच्या जनुकप्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो हे खरं आहे. पण धोका वाढणं म्हणजे आजार होणं नव्हे. तो प्रकार असलेले कितीतरी लोक म्हातारपणी ठणठणीत असतात आणि नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. एचआयव्हीमुळे आलेल्या बिघाडाचं निदान तर त्यातून होतच नाही. तेव्हा असल्या पॅकेजवर पैसे उडवू नका. ‘जनुकं दुरुस्त करणाऱ्या’ चूर्णांवर आणि मेंदूच्या टॉनिकवर तर नकोच नको.

आणि तो ३३ टक्क्यांचा आकडा. २००७ साली ठरवलेल्या निकषांनुसार चाचणीत कमी गुण मिळाले की त्रास नसतानाही बिघाडाचा शिक्का बसत असे. गंमत अशी की हेच निकष धडधाकट लोकांना लावले तर त्यांच्यातलेही बरेच जण नापास होतात! शिक्षण कमी, चाचणीची सवय नाही, आदल्या रात्री झोप नाही, अशा कितीतरी गोष्टींनी गुण कमी होतात. म्हणून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या कमी गुणांवर कुणाला आजारी ठरवू नका. त्रास, तपासणी आणि इतर कारणं यांचा एकत्र विचार करा. विषाणूमुळे चालू असलेली इजा आणि उपचार सुरू होण्याआधी होऊन गेलेली जुनी इजा यांतही फरक करा, असं ते म्हणतात. मला हे पूर्ण पटतं. घाऊक घाबरवणं आणि घाऊक दुर्लक्ष, दोन्ही वाईट.

न विचारण्याच्या सबबी

हा विषय डॉक्टर मित्रांपुढे काढला की ठरलेली उत्तरं येतात.

*“ओपीडीत वेळ कुठे आहे?”* खरं आहे, गर्दी प्रचंड असते. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. पण मी तासभराची चाचणी मागत नाही. युरोपातल्या एड्स तज्ज्ञांच्या संस्थेने सुचवलेले तीनच प्रश्न आहेत. वारंवार विसरायला होतं का? विचार करताना, कामाची आखणी करताना, अडचण सोडवताना पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? बोलण्यात, वाचण्यात, सिनेमा बघण्यात लक्ष टिकत नाही का? याला एक मिनिट लागतं. बीपी मोजायला त्याहून जास्त लागतं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढची पायरीही छोटी आहे. एचआयव्हीसाठीच बनवलेली एक चाचणी आहे. चार शब्द लक्षात ठेवायचे, बोटं भराभर आपटायची, हाताच्या तीन स्थिती ठरलेल्या क्रमाने करून दाखवायच्या आणि मग ते चार शब्द आठवायचे. एकूण गुण १२. १० किंवा कमी आले तर सविस्तर तपासणी. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. युगांडामध्येही ती वापरून पाहिली गेली आहे. मग आपल्या तालुक्याच्या गावी का चालू नये?

*“त्रास असेल तर रुग्ण स्वतःच सांगेल की!”* नाही सांगत. एकतर या आजारात सुरुवातीला विस्मरणापेक्षा मंदपणा जास्त असतो. माणूस म्हणतो, “वय झालं.” दुसरं, बिघाड वाढला की तो स्वतःला कळेनासा होतो. तिसरं आणि सगळ्यात मोठं, ज्याने पंधरा-वीस वर्षं आजार लपवण्यात काढली त्याला आणखी एक तक्रार तोंडावर आणायची भीती वाटते. नोकरी जाईल, पोराचं लग्न अडेल, ही ती भीती. म्हणून प्रश्न आपणच विचारायचा असतो आणि रुग्णाची परवानगी असेल तर घरच्यांनाही.

*“सापडलं तरी त्यावर औषध कुठे आहे?”* हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. जनुकं दुरुस्त करणारं औषध नाही, कबूल. पण करण्यासारखं काहीच नाही, हे साफ चूक. माझ्या दुकानदारांचंच सांगतो. तपासल्यावर बी-१२ बरंच कमी निघालं. झोपेचा बोजवारा उडालेला होता. मन उदास होतं आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे विसरण्यामुळे अलीकडे एआरटीच्याच गोळ्या मधूनमधून चुकत होत्या! विसरतो म्हणून गोळी चुकते, गोळी चुकली की विषाणू उसळतो, विषाणू उसळला की मेंदूवर आणखी मारा. हे चक्र कुणीतरी वेळीच तोडायला हवं होतं.

याशिवाय थायरॉइड, सिफिलिस, क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर, दारू, अनियंत्रित साखर ही सगळी कारणं शोधता येतात आणि त्यांवर उपाय आहेत. एफाव्हिरेन्झ हे जुनं औषध चालू असेल तर त्यानेही गुंगी, विचित्र स्वप्नं, चित्त न लागणं होतं. ते बदलता येतं. काही थोड्या रुग्णांत रक्तात विषाणू दबलेला असतो, पण मेंदूभोवतालच्या पाण्यात वाढत असतो. असे रुग्ण पुण्यातल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत. पाठीतून पाणी काढून तपासलं तर हे कळतं आणि औषधं बदलल्यावर माणूस सुधारू शकतो. जो बघणारच नाही त्याला हे कसं सापडणार?

आणि रक्तवाहिन्यांचं काय? त्या तिसऱ्या गटात अस्तराच्या जनुकांत बदल दिसले, हा पुरावा नव्हे, इशारा आहे. पण बीपी, साखर, तंबाखू यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात याला दुसरीकडून भरपूर पुरावा आहे. मग एचआयव्ही असलेल्या माणसाचं बीपी १५०च्या वर असताना “चालतंय” म्हणून सोडून देणं कुणाच्या फायद्याचं?

*“उगाच रुग्ण घाबरेल.”* खरं सांगितलं तर घाबरत नाही. “बहुतेकांना स्मृतिभ्रंश होत नाही, पण आपण लक्ष ठेवू,” एवढं म्हणायला काय हरकत आहे? आपण शुगरच्या रुग्णाचे डोळे तपासतो तेव्हा तो घाबरून पळून जातो का?

दुसरी चूक: ज्यांची एचआयव्ही चाचणीच होत नाही

आतापर्यंत ज्यांची लागण माहीत आहे त्यांच्याबद्दल बोललो. उलट बाजूही आहे.

पासष्टी ओलांडलेल्या एक आजी. वर्षभर ‘वयामुळे विस्मरण’ म्हणून उपचार चालू. एमआरआय झाला, भारी गोळ्या झाल्या, वैदू झाले. वजन घटत होतं, चाल अडखळत होती, बोलणं एकाएकी कमी झालं होतं. एचआयव्हीची चाचणी कुणी सुचवलीच नाही. का? “त्या वयाच्या, घरंदाज बाईला असं कसं विचारायचं?” त्यांचे यजमान खूप वर्षांपूर्वी ‘तापाने’ गेले होते, एवढीच घरात नोंद. आजींना नीट समजावून, त्यांची संमती घेऊन चाचणी केली. पॉझिटिव्ह आली. औषधं सुरू झाल्यावर काही महिन्यांत आजी पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागल्या, नातवाला नावाने हाक मारू लागल्या. सगळं पूर्ववत झालं नाही. गेलेल्या वर्षाची किंमत मेंदूने मोजलीच.

स्मृतिभ्रंशाच्या ज्या थोड्या कारणांवर खरंखुरं औषध आहे त्यांत एचआयव्ही आहे. आणि आपण ते शोधत नाही ते अज्ञानापेक्षा संकोचामुळे. बी-१२, थायरॉइड, सिफिलिस यांच्यासोबत एचआयव्हीची चाचणी सुचवणं म्हणजे कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणं नव्हे. चाचणी समजावून, संमतीने आणि गुप्तता राखूनच करायची असते. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हेच सांगतो आणि नोकरी-उपचारांत भेदभाव करण्यालाही मनाई करतो.

तुम्ही काय करायचं?

१. तुम्ही किंवा घरातलं कुणी एआरटीवर असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. “माझं लक्ष, स्मरण, कामाचा वेग पूर्वीसारखा आहे का, जरा बघता का?” असं आपणच म्हणा.

२. गोळी एकही चुकवू नका. ‘डोक्याला त्रास होतो’ म्हणून औषध स्वतःहून तर कधीच बंद करू नका. औषधं मधेच थांबवणाऱ्यांचं नुकसान होतं हे ५४७२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २००६ सालीच स्पष्ट झालं आहे. औषध बदलायचं असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला.

३. विसरायला होत असेल तर मोबाइलचा गजर, वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणि एक विश्वासू माणूस, हे तिन्ही वापरा. यात कमीपणा काही नाही.

४. बीपी, साखर आटोक्यात ठेवा. तंबाखू, मिश्री, दारू सोडा. रोज चाला. नीट झोपा. उदास वाटत असेल तर ते सांगा.

५. घरातल्या वडीलधाऱ्यांचं विस्मरण झपाट्याने वाढत असेल तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नका. तपासण्यांच्या यादीत एचआयव्ही आहे का, हे विचारा. सरकारी रुग्णालयांत चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

६. मेंदूच्या जनुकांची तपासणी विकणाऱ्यांना हात जोडा आणि ते पैसे दूध, अंडी, डाळ यांवर खर्च करा.

माझे दुकानदार आता बरे आहेत. अगदी पूर्वीसारखे नाहीत. तोंडी हिशेब परत आला नाही, वेग थोडा कमीच आहे. पण गोळ्या चुकत नाहीत, झोप लागते आणि उधारीची वही मुलगा लिहितो, हे गल्ल्यावर बसतात. परवा आले तेव्हा सवयीप्रमाणे फाइल पुढे केली. मी ती बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, “काय म्हणतंय डोकं?”

ते हसले आणि म्हणाले, “डॉक्टर, हे तुम्ही आधी कधी विचारलं नव्हतं.”

बरोबर बोलले. विचारायला हवं होतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या उपचारांबाबतचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)